गिरडच्या उतारावरची घरगाडी

वर्ध्याहून हिंगणघाटकडे निघालं की वस्ती विरळ होता होता डाव्या हाताला एक कडुनिंब लागतो आणि त्याच्या सावलीत पत्र्याची एक शेड. शेड माझी. पाटीवरचे 'एअर ब्रेक' हे दोन शब्द मी मागच्या वर्षी पांढऱ्या रंगानं पुसून टाकले. आता तिथे ऑइल बदलून मिळतं, ग्रीसिंग होतं, स्प्रिंगचे पाटे कसून मिळतात. जुने ड्रायव्हर थांबून विचारतात, "ताकसांडे भाऊ, ब्रेकचं काम काऊन बंद केलं?" मी गुडघ्यांचं नाव सांगतो. खरं कारण सांगायला वेळ लागतो, आणि चालू इंजिनाच्या गाडीत बसलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. वाचणाऱ्याला असतो, म्हणून इथे लिहितो.

आधी धंदा काय ते सांगतो. बस-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला की ती हवा चाकापर्यंत जाऊन ब्रेक लावते. पण हवेत ओल असते. दाबलेली गरम हवा निवली की त्या ओलीचं पाणी होतं, त्यात कॉम्प्रेसरचं थोडं तेल मिसळतं, आणि टाकीच्या तळाशी चहासारखा रेंदा साचतो. त्यानं आतल्या झडपा गंजतात, रबर फुगतं. म्हणून कॉम्प्रेसर आणि टाक्या यांच्यामध्ये एक डबा बसवलेला असतो. त्याला एअर ड्रायर म्हणतात. डब्यात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात, ते हवेतली ओल शोषतात. टाक्या भरल्या की ड्रायरच्या बुडाची झडप उघडते आणि साचलेली ओल फिस्सकन बाहेर फेकली जाते. उभ्या बसच्या खालून अचानक शिंक ऐकू येते ना, ती हीच.

दोन-तीन वर्षांत दाणे निकामी होतात. मग डबा बदलायचा, बुडाची झडप उघडून धुवायची, तिच्या रबरी रिंगा नव्या टाकायच्या. दीड-दोन तासांचं काम. पण ते कोणी वेळेवर करत नाही, कारण ड्रायर बिघडला म्हणून गाडी त्या दिवशी थांबत नाही. सहा महिन्यांनी थांबते, आणि भलत्या जागी थांबते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ड्रायरच्या पुढे टाक्यांकडे जाताना अशी एक झडप असते, जी टाकीतली हवा मागे येऊ देत नाही. त्यामुळे इंजिन बंद करून पाहिलं तर ड्रायर गळत असला तरी ड्रायव्हरसमोरची हवेच्या दाबाची सुई गपगार उभी राहते. ती गळती शोधायचे उपाय दोनच. एक, साबणाचं पाणी फासून फेस येतो का ते पाहायचं. दुसरा, कान.

माझा कान नावाजलेला होता. शेड टाकायच्या आधी मी बसच्या आगारात सव्वीस वर्षं काढली. तिथे एकदा एका बसची हवा रोज सकाळपर्यंत उतरलेली असायची. तीन दिवस सगळे झटले, जोड न् जोड उघडून बसवला, गळती सापडेना. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बाकी मशिनं बंद असताना मी गाडीखाली शिरलो आणि डोळे मिटून पडून राहिलो. कंडक्टरच्या सीटखालून जाणाऱ्या नळीला केसाएवढी चीर होती. आमचे फोरमन मडावीसाहेब करंज्याकडचे, गोंड घरातले. कोणाची स्तुती करायचा त्यांना मोठा कंटाळा. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "बाकीचे पायतात, हा ऐकते." तेव्हापासून मी 'कानवाले ताकसांडे' झालो. नाव मला आवडलं. इतकं आवडलं की पुढे साबणाचा डबा मी कोपऱ्यात सरकवून दिला. साबण नवशिक्यांसाठी, असं मी चारचौघांत म्हणायचो.

आयुष्यभर हवेच्या शिट्ट्यांजवळ डोकं धरून काम केलं की कान जातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. मडावीसाहेब स्वतःच निवृत्तीच्या सुमाराला हाताचा द्रोण कानामागे धरून बोलायचे. पण दुसऱ्याचं म्हातारपण आपल्याला लागू होतं असं कोणाला वाटतं? माझं असं झालं की मोठे आवाज चांगले यायचे. ट्रकचा हॉर्न यायचा, हातोडा यायचा, माणसाचं बोलणं समोर असलं की यायचं. गेले ते बारीक आवाज. एका पावसाळ्यात पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरी अंगणात बसलो होतो. मी सहज म्हणालो, "यंदा रातकिडे कमी झाले."

सुनंदा, माझी बायको, शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "कमी? कान किटले इतके वाजून राह्यले. तुमी दवाखान्यात दाखवा जी."

मी दाखवलं नाही. दोन वर्षं दाखवलं नाही. घरात टीव्हीचा आवाज वाढवत गेलो आणि गॅरेजात गिऱ्हाइकाच्या ओठांकडे पाहायला शिकलो. गळती शोधायला जोडांवर ओला हात फिरवायचो, कातडीला गार झुळूक लागली की समजायचं. बरंचसं सापडायचं. कान लावल्याचं नाटक मात्र सोडलं नाही. लोक ते पाहायलाच यायचे.

अशात मागच्या वर्षी, ऐन मे महिन्यात, ती घरगाडी माझ्या दारात आली.

मूळची प्रवासी बस, पण आतून घर केलेलं. खिडक्यांना पडदे, मागे पलंग, मध्ये ओटा आणि शेगडी, ओट्याशेजारी तुळशीची कुंडी पट्ट्यानं आवळलेली. चालवणारे गायकवाडसाहेब नाशिककडचे, फौजेत बावीस वर्षं मोठ्या गाड्या चालवलेले. कमी बोलणारे आणि बोलतील ते मोजून. त्यांची बायको नर्स म्हणून निवृत्त झालेली, तिला ते स्वतःही 'सिस्टर'च म्हणायचे. मुलगी लग्न होऊन परदेशात. दोघांनी घर भाड्यानं दिलं आणि ही गाडी करून निघाले, देश पाहायला. सेवाग्राम पाहून झालं होतं. पुढे गिरडला जायचं होतं, कारण सिस्टरची वॉर्डातली एक मैत्रीण समुद्रपूरकडची होती आणि तिनं तीस वर्षं टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्याचं वर्णन ऐकवलं होतं. मैत्रीण आता नाही. सिस्टरला तिच्या नावानं तिथे चादर चढवायची होती.

"हवा भरायला वेळ लागतो," गायकवाड म्हणाले. "आणि सकाळी पहिला ब्रेक जड जातो."

मी टाकीच्या खालचा खटका ओढला. पिवळट करडं पाणी भस्सकन बाहेर आलं, तळहातावर घेतलं तर तेलकट. मी त्यांना म्हटलं, "साहेब, ड्रायर मेला तुमचा. कधी बदलला होता?"

"गाडी घेतली तेव्हापासून नाही."

"कॉम्प्रेसर पाहून घेतो. तो बरा असन तर ड्रायरचा डबा आन् खालचा वाल्व, एवढंच काम."

कॉम्प्रेसर बरा निघाला. मी रफीकभाईला फोन केला. हिंगणघाट नाक्यावर त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, वीस वर्षांपासून माझा माल त्याच्याकडूनच. दुपारपर्यंत डबा आणि झडपेचा किट आला.

चाकं सरकू नयेत म्हणून अडणी लावली, टाक्यांतली सगळी हवा सोडली. हे सोडल्याशिवाय ड्रायरला हात लावायचा नसतो, नाहीतर डबा तोंडावर येतो. पट्ट्याच्या पान्यानं जुना डबा सोडवला, बैठक पुसली, नव्या डब्याच्या रबराला ग्रीसचं बोट लावून हातानं कसला. मग खालची झडप. तिचा पिस्टन आत सारताना रिंग खाचेत बसवावी लागते, तिथे धारदार कड असते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, शेडचा पत्रा तापलेला, घाम डोळ्यांत. पिस्टन किंचित अडला आणि मग गेला. तो अडला हे माझ्या हाताला कळलं होतं. अशा वेळी परत काढून पाहायचं असतं. मी पाहिलं नाही.

इंजिन चालू केलं, हवा भरली, शिंक आली. गायकवाड आत सुईकडे पाहत होते. सिस्टर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, ड्रायरपासून आठ-दहा हातांवर. मी नेहमीसारखा वाकलो, ड्रायरजवळ कान नेला, डोळे मिटले. मला इंजिन ऐकू आलं. बाकी काही नाही.

"मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या, "ती शिंक येऊन गेली, तरी काहीतरी सूं सूं वाजतंय अजून. तिथंच, खाली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही आरोप नव्हता. साधं विचारत होत्या. मी जागचा हलून साबणाचा डबा आणला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आणला असता तर याचा अर्थ, त्या बाईला जे ऐकू आलं ते कानवाल्या ताकसांडेला आलं नाही. शेजारच्या टायरवाल्याकडची दोन माणसं पाहत उभी होती.

"ते नवीन पार्टचं असते, ताई," मी म्हणालो. "दोन दिवसांत बसते. मंग आवाज जाते."

इतक्या सहज म्हणालो की मलाही ते खरं वाटलं. इंजिन बंद करवलं, दहा मिनिटं सुई पाहिली. सुई हलली नाही. सुई हलणारच नव्हती, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला गायकवाडांचा फोन आला. आवाज फौजी, सपाट. "गाडी गिरडच्या उतारावर कडेला लागली आहे. ब्रेकची हवा गेली. सिस्टरला लागलंय. तुम्ही या."

ओळखीच्या एकाच्या पिकअपमधून गेलो. तास-सव्वा तास लागला. त्या रस्त्यानं मी आयुष्यात कितीदा गेलो असेन, पण त्या दिवशीच्या रस्त्याचं मला एकही वळण आठवत नाही.

झालं असं होतं. सकाळी ते दर्ग्यावर चढले, गाडी उभी केली, चादर चढवली. टाक्यांत हवा होती, म्हणून परत निघताना सुईनं काही सांगितलं नाही. पण कापलेली रिंग एव्हाना पूर्ण सुटली होती. कॉम्प्रेसर जेवढी हवा देत होता तेवढी सगळी ड्रायरच्या बुडातून बाहेर, टाक्यांत नवी हवा शून्य. उतारावर पाय दाबावा तशी साठ्यातली हवा संपत गेली. तिसऱ्या वळणावर हवा संपत आल्याचा बझर वाजला. आणि समोरून टेकडी चढत माणसं येत होती, गुरुवार होता, बाया, लेकरं, एका म्हाताऱ्याला दोघांनी धरलेलं. गायकवाडांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डोंगराकडे मारलं. गाडी मातीच्या दरडीला घासत पंधरा-वीस फूट गेली आणि थांबली. एकाही माणसाला धक्का लागला नाही. सिस्टर आत ओट्याजवळ उभ्या होत्या, त्या आदळल्या. उजवं मनगट मोडलं.

मी पोचलो तेव्हा कोणीतरी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. गाडीच्या अख्ख्या डाव्या अंगावर ओरखडा, दोन काचा फुटलेल्या. तुळशीची कुंडी तशीच पट्ट्यात उभी होती. मी खाली शिरलो, झडप उघडली. रिंग चंद्रकोरीसारखी कापलेली हातात आली. पाहताक्षणी कळलं की ती कड पिस्टन बसवतानाच लागलेली आहे.

गायकवाड वाकून पाहत होते. "डुप्लिकेट निघाला का पार्ट?"

त्यांनी सुटकेचं दार उघडून दिलं आणि मी त्यातून गेलो. "असू शकते," मी म्हणालो.

एवढंच. 'हो' म्हणालो नाही, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. रिंग शर्टाच्या खिशात टाकली. गायकवाडांनी माझ्याकडून नंबर घेऊन तिथूनच रफीकभाईला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. मग फोन माझ्याकडे दिला. रफीक म्हणाला, "ताकसांडे भाऊ, तुम बोल रहे तो वैसाच असन. मी दुसरा पूर्ण सेट पाठवतो, पैसे नको. बाईचा हात कसा आहे?"

सोबत नेलेली दुसरी रिंग टाकून गाडी हळूहळू माझ्या शेडपर्यंत आणली. काचा नागपूरहून यायच्या होत्या, म्हणजे तीन-चार दिवस. सुनंदानं ऐकलं तशी ती स्वतः येऊन सिस्टरना घरी घेऊन गेली. "प्लास्टरचा हात घेऊन त्या गाडीत उकडत काऊन राह्यचं? आमच्या घरी कूलर हाये," असं तिचं म्हणणं. रात्री गायकवाड गाडीतच झोपायचे, सिस्टर आमच्याकडे. सुनंदा त्यांची वेणी घालून द्यायची, भाकरीचा तुकडा मोडून द्यायची. मी त्या तीन दिवसांत घरात मान खाली घालून जेवलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर शेडवर आल्या होत्या. गायकवाड काचांच्या चौकशीला वर्ध्यात गेले होते. मी स्टुलावर पाठमोरा बसून झडपेचं घर डिझेलमध्ये धूत होतो. कामात होतो. बऱ्याच वेळानं समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं. सिस्टर गळ्यात हात अडकवून उभ्या होत्या, आणि त्यांचे डोळे माझ्याकडे असे लागलेले, जसे पेशंटच्या चार्टकडे लागत असतील.

"मी तुम्हाला तीनदा हाक मारली," त्या म्हणाल्या.

"कामात होतो, ताई."

"तिसऱ्यांदा मी म्हटलं, मिस्त्री, तुमच्या पायाशी साप आहे."

मी खरंच पायाकडे पाहिलं. साप नव्हता. त्या हसल्या नाहीत.

"किती दिवस झाले ऐकू येत नाही?"

मी हातातलं झडपेचं घर फडक्यावर ठेवलं. फडकं सारखं केलं. "दोन वर्षं. जास्तच असन."

"त्या दिवशी तो सूं सूं आवाज तुम्हाला आला होता?"

"नाई."

"आणि नव्या पार्टचा असतो म्हणालात ते?"

"मनानंच बोललो."

त्या जवळच्या टायरवर बसल्या. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी शंका आली होती. वॉर्डात अशी माणसं खूप पाहिलीत, ओठांकडे पाहतात आणि मान हलवतात. पण तुम्ही इतकं ठाम बोललात की मला वाटलं, मला काय कळतंय गाडीतलं. मी यांनाही बोलले नाही." मग त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेली आपली बोटं हलवून पाहिली. "ती चढणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत."

माझ्याही जात नव्हती, आणि मी तर ती पाहिलीही नव्हती. खिशातून रिंग काढून मी त्यांच्या डाव्या हातात दिली. तीन दिवसांत दोन शर्ट बदलले होते. दरवेळी रिंग जुन्या खिशातून नव्या खिशात ठेवली होती.

"पार्ट चांगला होता," मी म्हणालो. "बसवताना माह्या हातानं कापल्या गेली."

सिस्टरनी रिंग उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "मला सांगून काय उपयोग? यांना सांगा. आणि तो दुकानदार, ज्याला हे वाट्टेल ते बोलले, त्याला सांगा."

गायकवाड संध्याकाळी आले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "चूक होते. माझ्या हाताखालच्या पोरांकडून पण झाल्यात. पण चूक केलेल्या पोरानं दुसऱ्याचं नाव घेतलं, तर मी त्याला परत गाडीला हात लावू द्यायचो नाही." आणि घरगाडीत जाऊन दार लावून घेतलं. मी आगारात साहेबांची बोलणी खाल्ली आहेत, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. असं कोणी बोललं नव्हतं.

रफीकभाईच्या दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गल्ल्यावर तो एकटाच होता. ऐकून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बीस साल में तुमने पहिली बार मेरे माल पे उंगली रखी," तो म्हणाला, "और मैंने पूछा भी नहीं. सोचो." मग चहा मागवला. तो मी प्यायलो. अजूनही माल त्याच्याकडूनच येतो, पण पूर्वी मी तो बसवला की रफीक फोन करून विचारायचा, 'कसा बसला भाऊ?' तसं आता विचारत नाही.

घरी सुनंदाला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती रडेल, निदान चिडेल. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मी दोन सालापासून एकेक गोष्ट दोनदा बोलून राह्यली. तुमाले वाटलं, मले समजत नाई?" त्याच आठवड्यात ती मला दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून कानाला मशीन लावतात आणि आवाज आला की बटन दाबायला सांगतात. मी बराच वेळ बटनावर बोट ठेवून बसलो. मला वाटलं, अजून सुरू झालं नाही. काचेपलीकडे पाहिलं, तर तिथली मुलगी मशीनचे खटके दाबत होती आणि सुनंदा तोंडाला पदर लावून उभी होती.

पण हे नंतरचं. त्याआधी काचा आल्या, बसल्या. गायकवाडांनी मला परत गाडीला हात लावू दिला. का दिला ते मी विचारलं नाही. जवळपास दुसरं कोणी ते काम करणारं नव्हतं, हेही कारण असेल. ते शेजारी उकिडवे बसले आणि मी झडप पुन्हा पूर्ण उघडली, रफीकनं पाठवलेला सेट बसवला. रिंगेला ग्रीस लावलं, पिस्टन सारला, परत काढला, रिंग पाहिली, परत सारला. इंजिन चालू करून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फासलं. फेस आला नाही. सिस्टर खुर्ची जवळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, काही वाजत नाही अशी.

मला वाटलं, आता निघतील. गायकवाड हात पुसत म्हणाले, "तुम्ही बसा आत."

"कुठं, साहेब?"

"गिरडला. तो उतार आपण परत उतरू. सिस्टर मागे बसतील, बेल्ट लावून. तुम्ही माझ्या बाजूला."

गाडीत चढताना चपला दाराशी काढल्या. आत चटई होती, आणि शेवटी ते घर होतं. टेकडीवर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. गायकवाडांनी गाडी वळवून तोंड उताराकडे केलं, खालचा गिअर टाकला, हँडब्रेक सोडला.

मी आयुष्यात हजारो गाड्यांचे ब्रेक बांधले. आगाराच्या गाड्या ट्रायलला नेल्या त्या सपाट रस्त्यावर, अर्धा मैल जाऊन परत. आपण बांधलेल्या ब्रेकवर, मागे माणसं बसलेली असताना, उतारावर मी कधी बसलो नव्हतो. गायकवाडांचा पाय पेडलवर दाबला गेला की माझा पाय रिकाम्या जागेत दाबला जायचा. सुईवरून डोळे हलवले नाहीत. सुई थोडी उतरायची, परत चढायची. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणाला दरडीच्या मातीत आमच्याच गाडीचा ओरखडा दिसला, लांबच लांब. तिथे वर चढणारी दोन माणसं बाजूला सरकून उभी राहिली आणि त्यांतल्या एकानं आम्हाला हात दाखवला, पुढे जा म्हणून. गायकवाडांनी गाडी पार थांबवली. पूर्ण. मग सोडली.

खाली फाट्यावर आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक लावला. समोर बघतच म्हणाले, "उतरा आता. आम्ही उमरेडकडून पुढे जाऊ."

मजुरी घ्यायला मी आधीच नकार दिला होता. मी सिस्टरना नमस्कार केला. त्यांनी डाव्या हातानं केला. मी उतरलो, दार लागलं, गाडी हलली. मी कडेला उभा राहिलो. थोडं पुढे जाऊन गाडी परत थांबली आणि मागच्या खिडकीतून सिस्टरनी डोकं बाहेर काढलं. त्या काहीतरी बोलल्या. इंजिनाच्या आवाजात मला फक्त त्यांचं हलणारं तोंड दिसलं. पडदा मध्ये येत होता, ओठ नीट वाचता येत नव्हते.

मी सवयीनं मान हलवली, हसलो, हातही वर केला. हो हो, या. परत या. दोन वर्षं मी जगाला असाच निरोप देत होतो.

मग मी हात खाली घेतला. दोन पावलं पुढे गेलो आणि जितकं मोठ्यानं ओरडता येईल तितकं ओरडलो, "सिस्टर, मले ऐकू नाई आलं! परत सांगा!"

फाट्यावरच्या टपरीतली माणसं वळून पाहायला लागली. गायकवाडांनी इंजिन बंद केलं. सिस्टरनी पडदा बाजूला धरला, आणि वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटशी बोलतात तशा, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "चपला! तुमच्या चपला आत राहिल्यात!"

मी खाली पाहिलं. मे महिन्यातल्या डांबरावर मी अनवाणी उभा होतो आणि तळवे भाजत होते. कधीपासून भाजत होते कोण जाणे. उड्या मारत गाडीपर्यंत गेलो. दार उघडलं ते गायकवाडांनी. ते खाली वाकले आणि दोन्ही चपला त्यांनी माझ्यासमोर रस्त्यावर नीट जोडून ठेवल्या.